दगडाखालची कात

तळ्याकाठच्या निसर्गकेंद्रात नवे शिक्षक घडवणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे ‘फौजदार’ म्हणत. नवऱ्याने किती वाजले ते सांगितलं, तरी त्या स्वतः घड्याळ बघून खात्री करत. समोर मुलं असोत की मोठी माणसं, जे आहे तेच दाखवायचं, हा त्यांचा दंडक. नव्या शिकाऊ मुलीने मात्र कुठलाही दगड उचलावा आणि खाली गोगलगाय हजर! ‘गोगलगायी काय हिच्या मावसबहिणी आहेत?’ बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

एके सकाळी त्या तासभर आधीच येऊन अवजारांच्या खोलीमागे दबा धरून बसल्या. मुलगी आली, तिने डब्यातून गोगलगाय काढली आणि दगडाखाली ठेवली. बाईंनी तिला रंगेहाथ पकडलं.

“लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकतेस? लाज नाही वाटत?”

मुलगी मान खाली घालून म्हणाली, “बाई, सातवीत असताना आमची सहल इथे आली होती. तुम्ही तो कोपऱ्यातला दगड उचललात आणि खाली सापाची कात निघाली. तेव्हाच ठरवलं, आपण हेच काम करायचं.”

“मग?”

“काल तुम्ही तोच दगड उचललात. कातही तीच होती, बाई. फक्त शेपटीला आता चिकटपट्टी लावलीय.”