हनवटीवर तीळ असलेली बाई

लग्नानंतर मी तारकर्लीला राहिले आणि हे मुंबईला. तिथल्या एका कचेरीत ते वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींची चित्रं काढत. मुंबईचा पेपर मालवणात शिळा होऊन यायचा, पण सासूबाई तो न चुकता आणवायच्या. बातम्यांशी त्यांना कर्तव्य नव्हतं. जाहिरातीतली बाई दिसली की मासळीवालीला ओट्यावर बसवून दाखवत, "ही माझ्या झिलान काढल्यान."

साबण असो, तेल असो, बाई एकच. कमरेपर्यंत केस, चाफेकळी नाक, हनवटीवर तीळ. चहाचा कप धरायची तोसुद्धा करंगळी वर करून. मला हसू यायला हवं होतं. पण हे वर्षातून दोनदा घरी येत, आणि हिच्याकडे रोज दिवसभर बघत. खोबरं वाटताना तो तीळ आठवला की मी वरवंटा आपटायची.

चतुर्थीला हे आले तेव्हा विचारलंच. "ही कोण?"

"कोण म्हणजे? कोणच नाय. मनातली."

'मनातली' हे तर अधिकच झोंबलं. माझं तोंड बघून ते म्हणाले, "बस, तुझा चित्र काढतंय."

मी नवं लुगडं नेसून ओट्यावर बसले. काढून झालं, तर कागदावर तीच. नणंद म्हणाली, "वैनी, कितकी बरी दिसतंस गो!"

"ही मी नाय," म्हणून मी उठले. हे खजील झाले. सुट्टी संपेपर्यंत मी चुलीशी असले, विहिरीवर असले, की माझ्याकडे टक लावून बघत राहायचे. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दिवाळीनंतर सासूबाई पेपर नाचवत आल्या. "अगो, तू इलंस पेपरात!"

डोकेदुखीच्या गोळीची जाहिरात. दोन चित्रं. पहिल्यात गोळी घेण्याआधीची बाई: बसकं नाक, विस्कटलेले केस, कपाळाला हात. हुबेहूब मी. दुसऱ्यात गोळी घेतल्यानंतरची, हसरी. हनवटीवर तीळ.

शिमग्याला हे आले, तेव्हा पाणीही न विचारता मी म्हटलं, "माझा डोक्या कधी दुखता?"

"सायबाक तुझा तोंड आवडला. तो म्हणालो, खरा वाटता."

"मगे बरा वाटल्यावर माझा तोंड खंय गेला?"

पुढे कितीतरी वर्षं खोकला, पित्त, कंबरदुखी, साऱ्या औषधांची आधीची बाई मी आणि नंतरची ती. सासूबाई कौतुकाने चित्रं पुढे करत. मी बघायची, पण तिच्या बाजूवर अंगठा ठेवून.