हाजेराखालाची टोपणं

खुलना शहरातल्या सरकारी इस्पितळात हाजेरा झाडू मारायला लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कचऱ्यातली इंजेक्शनची सुई तिच्या तळव्यात घुसली. मुकादमाने वर चुना फासला आणि म्हणाला, "रक्त आलं ना? मग घाण निघून गेली. चल, कामाला लाग."

तेव्हापासून हाजेराने नेम धरला. उघडी सुई दिसली की टोपण हुडकायचं आणि बसवायचं. संधिवाताने बोटं आखडलेली, म्हणून टोपण दातांत धरून ती सुई आत सारायची. पुढचा दात अर्धा तुटका. त्यामुळे तिच्या प्रत्येक टोपणावर तिरपा ओरखडा उठायचा.

नर्सआपा नाकातून बोलायची, "शीऽ खाला, तोंडात काय घालतेस गं? पिवळ्या डब्यात टाक आणि मोकळी हो."

पण पिवळा, लाल, काळा, सगळे डबे मागच्या दारी एकाच हातगाडीत उपडे व्हायचे. तिथून नदीकाठच्या कचऱ्याच्या ढिगावर. ढिगावर भंगार वेचणाऱ्या बायका अनवाणी हिंडायच्या. "त्यांच्या पायात नको जायला," एवढंच हाजेराचं म्हणणं.

भंगारवाला मकबूल तिच्यावर खूश. "खाला, बाकीच्यांच्या सुया म्हणजे भांडकुदळ सवती. तुझ्या कशा, नव्या नवरीसारख्या पदर घेऊन बसलेल्या." हाजेरा हसायची. तो ढिगावरून नेतो ते प्लास्टिक वितळवून बादल्या करत असतील, असं तिला वाटे.

लेक शेफाली गरोदर राहिली आणि अंगात त्राण उरेना. गल्लीतला औषधवाला मोतालेब तिला ताकदीची इंजेक्शनं टोचत होता. पुढे काही महिन्यांनी शेफालीचे डोळे पिवळे झाले. ती आरशात बघून म्हणाली, "आम्मा, लग्नातली हळद आत्ता चढली बघ." हाजेराला हसता आलं नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरने विचारलं, "आजार रक्तातून शिरलाय. सुई कुठे टोचून घेतलीस?"

"मोतालेबभाईकडे. पण पाकीट तो आमच्यासमोर फाडतो," हाजेराच मध्ये बोलली.

तरी ती त्याच्या दुकानात गेली. मोतालेब गुळचट हसला. "माझ्यावर संशय, खाला? हे घे, तूच बघ." टरकन पाकीट फाडून त्याने सिरिंज तिच्या हातावर ठेवली. "कोरी करकरीत. टोपणसुद्धा हललेलं नाही."

टोपणावर तिरपा ओरखडा होता.

हाजेराची जीभ आपोआप त्या तुटक्या दाताकडे गेली. "कुणाकडून घेतोस?" तिने विचारलं.

"मकबूलचा भाऊ आणून देतो. माल चांगला असतो."

तिने सिरिंज त्याच्या हातात परत दिली. घरी गेली, शेफालीच्या उशाशी बसली. शेफालीने विचारलं, "काय म्हणाला?" हाजेरा म्हणाली, "कोरी असते म्हणाला."

शेफाली गेली. पोटातलं मूलही तिच्याबरोबर गेलं.

शेफालीचा चाळिसावा दिवस उरकून हाजेरा कामावर आली. पलंगाखाली उघडी सुई पडली होती, शेजारी टोपण. तिने टोपण उचललं, ओठांपर्यंत नेलं, खाली ठेवलं.

"खाला, गाडी भरलीय, आटप," नर्सआपा नाकातून ओरडली.

तिने सुई तशीच उघडी कचऱ्यात लोटून दिली.

संध्याकाळी घरी जाताना ढिगाच्या कडेला एक बाई टाच हातात धरून बसलेली दिसली. बोटांवर चुना, टाचेतून रक्त. हाजेराला बघून ती म्हणाली, "काय गं खाला, हल्ली टोपणं लावत नाहीस होय?"