तिसरा कोरडेपणा

माझे डोळे कोरडे आहेत हे सगळ्या अरेरा कॉलनीला माहीत आहे. तोंडाचंही माहीत आहे. शरीर आपल्याच ओलाव्याच्या ग्रंथींवर उठतं, असा हा आजार. पोळीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, म्हणून इथल्या, हिंदी मुलखातल्या मराठी मंडळात मी बाटली मांडीवर घेऊन बसते आणि बायका चेष्टा करतात. करू देत. डोळ्यांत थेंब घालायचं काम ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, स्वतःकडे घेतलंय.

तिसऱ्या कोरडेपणाबद्दल मात्र मी कोणाशी बोलले नव्हते. खाली आग व्हायची, खाज सुटायची, आणि हे जवळ आले की असं दुखायचं की दात आवळून पडून राहायचं. मग मी कारणं काढू लागले. आधी डोकं, मग उपास. शेवटी ह्यांनी उशी उचलली आणि कूलरचा आवाज सहन होत नाही म्हणून हॉलमध्ये झोपू लागले. थंडी आली, कूलर बंद झाला, हे परत आले नाहीत. मीही बोलावलं नाही. एवढ्या मोठ्या पलंगावर मला फार एकटं वाटायचं.

मंडळात गुडघे, शुगर, सुना, सगळं निघतं. मी एकदा हा विषय काढून पाहिला, तर सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली.

नागपूरला माझ्या माहेरी खाज म्हणजे अस्वच्छता, आणि त्यावर आईचा उपाय म्हणजे तुरटीचं गरम पाणी. मी तेच करत होते, वर साबणही. आग वाढली की आणखी धुवायची. स्वच्छतेत आम्हाला कोण हरवणार!

शेवटी टी. टी. नगरमधल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासलं, काय काय लावता ते विचारलं आणि पेन खाली ठेवलं. योनीत चांगले जंतू राहतात, तेच वाईटांना दूर ठेवतात, असं त्यांनी समजावलं. या आजारात आणि या वयात ते आधीच कमी होतात, उरलेसुरले मी रोज धुऊन काढत होते. घरातलं विरजण मी कधी संपू दिलं नाही, आणि इथे हे असं. तुरटी, साबण बंद, बाहेरून फक्त साधं पाणी, आणि एक क्रीम.

मग त्यांनी विचारलं, “पति को मालूम है?”

मी म्हटलं, ते बाहेर बसलेत.

“मैंने ये नहीं पूछा,” त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर हे मटार सोलायला बसले. डॉक्टर काय म्हणाल्या, विचारलं. इन्फेक्शन आहे, एवढं सांगून सुटता आलं असतं. पण मला सुटायचा कंटाळा आला होता.

“मला दुखायचं,” मी म्हटलं. “तिथे. म्हणून मी नाही म्हणत होते. तुम्ही नकोसे झालात म्हणून नाही.”

ह्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं, आता उठून जातील.

“मग मी आत झोपायला येऊ?” हे म्हणाले. “नुसताच.”