‘वानी’ मास्तर

मास्तर देवाविषयी एकही वाक्य ‘वानी’, म्हणजे ‘सारखा’, लावल्याशिवाय बोलत नसत. देव बापावानी, आत्मा वाऱ्यावानी, स्वर्ग आपल्या घरावानी. पुलगावातल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे ते उपदेशक. पण सगळे त्यांना ‘वानी मास्तर’च म्हणत. नाचणगावच्या बाजारात एका बाईने हे नाव ऐकून, दुकानदार वाणी समजून त्यांना विचारले, “वानीबुवा, गूळ कसा लावला?” मास्तर म्हणाले, “माय, माहा माल तागडीत बसत नाई.”

गोष्ट एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची. मी तेवीस वर्षांचा, शाळेत शिक्षक आणि मंडळीच्या पंचांचा चिटणीस. वर्ध्याला शिकून आलो होतो आणि मला आपल्याच बोलीची लाज वाटत असे. एकदा मी त्यांना टोकलेच. “मास्तर, सरळ ‘देव पिता आहे’ म्हणा ना. ‘वानी’ कशाला?”

“तू पाह्यला काय त्याले?”

“नाही.”

“मंग? म्या बी नाई पाह्यला. ‘वानी’ नाई लावलं, तं पाहून आल्यावानी होते, बाबू.”

मला ते बाबू म्हणत.

बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा तिघे, तरी देव एकच, हे समजावताना ते बेलाचे पान आणत. “पानं तीन, देठ एक. तसं हाय.” बाया माना डोलवू लागल्या की लगेच पान खिशात टाकत. “पन तसं नाई बी. यातलं एक तोडलं तं दोन उरतात. देवाचं तसं होत नाई.” गिरणीतून निवृत्त झालेला एक म्हातारा पुढच्या चटईवर बसे. तो चिडवी, “मास्तर, देता अन् लगेच वापस घेता!” मास्तर म्हणत, “घ्याच लागते, काका. नाई तं तुमी पान घरी नेऊन पुजसान.”

मी हसत असे. पण मनात म्हणे, या माणसाला शास्त्र नीट मांडता येत नाही, मला येईल. ते व्यासपीठ मला हवे होते. खरे तेच आहे.

मास्तरांना एकच मुलगा, दाविद. एकोणीस वर्षांचा, गिरणीत लागलेला. त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तो विषमज्वराने गेला. शेवटच्या दुपारी मी तिथेच होतो. दाविद तापात “बाबा, बाबा” करत होता. मास्तर त्याचे डोके मांडीवर घेऊन “हाव रे, मी हाय” म्हणत होते. मग त्यांचा आवाज बसला. दाविद हाका मारत राहिला आणि मास्तरांच्या तोंडून शब्द निघेना.

तीन आठवड्यांनी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आला. मास्तर व्यासपीठावर उभे राहिले.

“येशूनं वधस्तंभावरून बापाले हाक मारली. बाप बोलला नाई. काऊन नाई बोलला? इतकी वर्सं मले वाटे, त्यानं तोंड फिरवलं असंन. आता समजलं. पोरगा मरून राह्यला होता. बाप मेल्यावानी झाला. मेल्यावानी झालेला मानूस कसा बोलन?”

एवढे बोलून ते खाली बसले. सगळे रडले. मीही रडलो.

पुढच्या आठवड्यात एका पंचाने वर्ध्याच्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या वरच्या धर्मगुरूंच्या, कानावर घातले की, मास्तर भलतेच शिकवतात. साहेबांनी माझ्याकडून लेखी वृत्तान्त मागवला. वधस्तंभावर मेला तो पुत्र. पिता मेला नाही. ही आमच्या विश्वासातली पक्की रेघ. ती पुसली की पिता आणि पुत्र यांतला भेदच उरत नाही. हे मला चांगले ठाऊक होते. म्हणूनच मी वहीत वळणदार अक्षरात, शुद्ध भाषेत लिहिले, “पिता मरण पावला, असे उपदेशकांनी सांगितले.” ‘मेल्यासारखा झाला’ हेही शुद्धच झाले असते. ते मला सुचले होते. मी लिहिले नाही.

चौकशीच्या दिवशी पाळकसाहेबांनी वही मास्तरांपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

“अक्षर सुंदर हाय. एक शब्द राह्यला.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाबू, तूच सांग. म्या ‘वानी’ म्हटलं होतं का नाई?”

सारे माझ्याकडे बघत होते.

“मला आठवत नाही,” मी म्हणालो.

मास्तरांनी वही मिटून हळूच माझ्याकडे सरकवली. त्यांचा उपदेश बंद झाला आणि दोन महिन्यांनी ते काम मला मिळाले. मी पहिल्यांदा बोललो त्या रविवारी ते मागच्या चटईवर बसले होते. आष्टीला मुलीकडे कायमचे निघाले तेव्हा माझ्या दाराशी आले, आत आले नाहीत.

“चांगलं बोलतं तू. पन देवाचं बोलताना ‘वानी’ लावत जाजो.”

मी चाळीस वर्षे उपदेश केला. तो शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नाही. निघूच शकत नव्हता.

आष्टीला ते वर्षभरच जगले. आजारी असल्याचा निरोप मला मिळाला होता. आज जाऊ, उद्या जाऊ, असे करत मी गेलो नाही. मातीलाही गेलो नाही. पुढे त्यांची मुलगी भेटली. तिला वहीचे काहीच माहीत नव्हते. म्हणाली, “भाऊ, शेवटी शेवटी दार वाजलं का बाबा म्हनत, ‘पाह्य वं, बाबू आल्यावानी वाटते.’”

आता मी ऐंशी ओलांडली आहे. त्या जुन्या वहीला वाळवी लागली. माझे वाक्य दुरुस्त करायला तिथे पान उरलेले नाही. म्हणून ते इथे दुरुस्त करतो. त्या उत्तम शुक्रवारी उपदेशक म्हणाले होते, “बाप मेल्यावानी झाला.”

‘वानी’ म्हटले होते. मला आठवत होते.