शिवी नसलेली धमकी

ती घटना आठवली की आजही मोबाईल हातात घ्यायला नको वाटतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण त्या प्रकरणात जी भीती पोटात बसली, ती कुठल्या पंचनाम्याला बसली नव्हती.

मी सीमाभागातला. घरची भाषा मराठी, नोकरी कर्नाटक पोलिसांत. तेव्हा बेंगळुरूत राजाजीनगर भागातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. एका सकाळी हवालदाराने कुणाचा तरी मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. "सर, मराठी इदे. स्वल्प ओदी हेळ्री." मराठीत आहे, जरा वाचून सांगा, म्हणाला. ठाण्यात मराठी वाचणारा मी एकटाच होतो.

समोर एक वयस्क जोडपं बसलं होतं. आजोबा सार्वजनिक क्षेत्रातल्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. निवृत्तीनंतर त्यांनी इथल्या मराठी मंडळींचा राजकीय चर्चेचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता आणि ते स्वतः त्याचे ॲडमिन होते. सोबत त्यांचे कारखान्यातले एक जुने सहकारी आले होते. मृदू बोलणारे, आजींची पिशवी स्वतःच्या हातात धरून उभे राहिलेले गृहस्थ.

मी संदेश वाचला. 'आपली नात फार गोड आहे. शाळेची बस तिला कोपऱ्यावर सोडते. आजींचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना पोहोचायला उशीर होतो. मध्यंतरी मूल एकटे उभे असते. आपण ॲडमिनपद सोडावे, ही विनंती.' खाली नातीचा पाठमोरा फोटो होता. पाठीवर दप्तर, एक मोजा खाली घसरलेला.

एक शिवी नव्हती. मारू, उचलू, असा शब्दही नव्हता. मी फोटो मोठा करून पुन्हा पाहिला.

कायद्याच्या भाषेत ही केस लंगडी होती. सरळ धमकी कुठे आहे, असं कुठलाही वकील विचारेल. मी तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदवली, तपासासाठी न्यायालयाची परवानगी मागितली आणि तोवर एका महिला शिपायाला साध्या कपड्यांत त्या कोपऱ्यावर उभं केलं.

"संशय कुणावर?" मी विचारलं.

आजोबांनी सहकाऱ्यांकडे पाहिलं. उत्तर सहकाऱ्यांनी दिलं. "साहेब, एक तरुण मुलगा होता. फार अर्वाच्य बोलायचा. यांनी त्याला काढून टाकलं."

तो मुलगा कोरमंगलाच्या एका पीजीत राहत होता. मूळचा पुण्याचा. बोलावल्यावर हेल्मेट हातात घेऊन आला आणि खुर्चीच्या टोकावर बसला.

"सर, मी शिव्या दिल्या, मान्य आहे. स्क्रीनशॉटच आहेत, नाही कसं म्हणू? पण काढल्यावर मी दुसऱ्या ग्रुपवर भांडायला लागलो. त्या काकांना नात आहे हे पण मला माहीत नाही."

त्याचे जुने संदेश मी वाचले. आरडाओरडा, अरेतुरे, शुद्धलेखनाच्या नावाने शंख. गर्जेल तो पडेल काय, असं मनात आलं, पण म्हणींवर कुणाला सोडता येत नाही. जबाब घेतला आणि गाव सोडू नकोस म्हणून बजावलं.

दुसऱ्याच दिवशी आजोबांना संदेश आला. 'बसच्या कोपऱ्यावर नव्या बाई दिसल्या. पोलिसांना त्रास कशाला? त्या किती दिवस उभ्या राहणार?'

माझ्या शिपायाला त्या गल्लीत कुणी ओळखत नव्हतं. ती तिथे उभी आहे हे ठाण्याला आणि आजोबांच्या घरी ये-जा असलेल्यांनाच ठाऊक होतं. ज्याला आम्ही शोधत होतो तो फार जवळ होता. त्या दिवसापासून मुलीच्या आईने तिला शाळेत पाठवणं बंद केलं. घराचे पडदे दिवसाही ओढलेले असायचे. तरी पुढचे काही आठवडे संदेश येतच राहिले.

मी घरी गेलो तेव्हा आजींनी कॉफी पुढे केली. म्हणाल्या, "अण्णा, मोबाईल वाजला की छातीत धस्स होतं. एक रविवार तेवढा बरा जातो. त्या दिवशी काही येत नाही."

"कधीच नाही?"

"नाही. रविवारी सगळं शांत."

मी सगळे संदेश पुन्हा लावून पाहिले. बाई खरं बोलत होत्या. टवाळखोराला सुट्टीच्या दिवशी जोर येतो; हा सुट्टीलाच गप्प होता. आजोबांना विचारलं, तर ते सहज म्हणाले, "रविवारी आमच्या ग्रुपवर राजकारण बंद असतं ना. घरच्यांना वेळ द्यावा म्हणून तो नियमच आहे. शिवी नको, पक्षाचं नाव घेऊन हिणवणं नको आणि रविवारी चर्चा नको."

आता मी तेच संदेश वेगळ्या नजरेने वाचले. धमकी देणारा ग्रुपचे सगळे नियम पाळत होता. वर्षानुवर्षं पाळून ते अंगात मुरले असावेत. ग्रुपवर जेमतेम महिनाभर टिकलेल्या त्या पोराचं हे काम नव्हतं.

"नियम मोडला तर काय करता?"

"संदेश काढतो आणि सर्वांसमोर नाव घेऊन ताकीद देतो. इतरांनाही धडा मिळतो."

"अशी ताकीद मिळूनही ग्रुपवर राहिलेले कोण?"

ते बोटांवर नावं मोजू लागले. बहुतेक जण भांडून निघून गेले होते. मग हसून म्हणाले, "आमचे हेच, तुमच्याकडे सोबत आले होते ते. त्यांनी एकदा खोटी बातमी पुढे पाठवली होती. पण लगेच माफी मागितली हो. त्यानंतर असा सज्जन सदस्य नाही."

आजींनी नवऱ्याकडे पाहिलं आणि हातातला ट्रे खाली ठेवला.

पुढचं काम रीतीप्रमाणे झालं. परवानगी आली, मोबाईल कंपनीकडून माहिती आली. सिमकार्ड बोम्मसंद्र्याच्या एका कामगाराच्या कागदपत्रांवर घेतलेलं होतं. त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. पण ज्या जुन्या हँडसेटमध्ये ते घातलं होतं, त्यात पूर्वी सहकाऱ्यांचं स्वतःचं सिम चालत होतं. त्यांच्या कपाटातून तो हँडसेटही मिळाला.

चौकशीत ते ताठ बसले. प्रत्येक प्रश्नाला "हो साहेब", "नाही साहेब". शेवटी मी विचारलं, "इतक्या वर्षांची मैत्री. का केलंत?"

"माझे व्याही त्या ग्रुपवर आहेत. त्यांच्यादेखत ॲडमिननी मला लिहिलं, तुमच्या वयाला हे शोभत नाही. मी माफी मागितली. सगळ्यांनी अंगठ्याचे इमोजी टाकले आणि विषय संपला. माझा संपला नाही." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "पण साहेब, मी मर्यादा सोडली नाही. एक अपशब्द दाखवा."

वरून कीर्तन आणि आतून तमाशा असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली होती. पण या माणसाला स्वतःचा तमाशा खरोखरच कीर्तन वाटत होता. मी पाणी मागवलं, ते माझ्यासाठी.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं. चारचौघांत बोलण्याला शिस्त हवीच, शिवीला दार दाखवलंच पाहिजे. पण ज्याला समज द्यायची त्याला बाजूला घेऊन द्यावी. चारचौघांत मान खाली घालायला लावलेला माणूस सुधारला, असं समजून कुणी गाफील राहू नये. ओरडणाऱ्याचा राग आपल्याला दिसतो, म्हणून आपण सावध असतो. माफी मागून गप्प बसलेल्याचा राग कुठे गेला, हे त्या ग्रुपवर कुणी विचारलं नाही.

गृहस्थांना जामीन मिळाला. खटल्याच्या तारखा पडत राहिल्या. घर त्यांचं आजोबांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, तिथेच आहे. ग्रुप बंद झाला. मी निवृत्त झालो.

मागे एकदा आजींचा फोन आला. भाजीवाल्याकडे ते गृहस्थ भेटले होते. पिशवी जड दिसते, धरू का, असं त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "नात आता मोठी झाली असेल ना? पाहून फार दिवस झाले."

"बोलणं सगळं चांगलंच होतं हो," आजी म्हणाल्या. "अण्णा, ह्याची तक्रार कशी लिहायची?"

मी त्यांना एवढंच विचारलं, की नात आत्ता कुठे आहे.