कापडाचं दुसरं टोक

मोठ्या बाई म्हणत होत्या, नाव सांगा. सुलाबाई म्हणत होत्या, न्हाई सांगायची. भांडण एवढंच, पण ते चांगलं घटकाभर चाललं, आणि बोर्डिंगच्या सैपाकघरामागं तवा घासत बसलेल्या बनूनं खिडकीतनं सगळं ऐकलं. तिचे हात थांबेनात. तो तवा त्या बोर्डिंगात आधी आणि नंतर कधी इतका लख्ख निघाला नाही.

"त्या मुलीनं तुम्हाला सांगितलंय. तुमच्या तोंडावर दिसतंय मला," मोठ्या बाई म्हणाल्या.

"सांगितलंय की. पर ते मला सांगितलंय, मोठ्या बाई. तुमास्नी न्हाई."

"एकीचं झाकलं तर उद्या दहाजणी उचलतील. मग चर्चची किल्ली तुमच्याकडं होती एवढंच मी वर लिहून पाठवीन."

"पाठवा. खरंच हाय ते."

साल त्रेचाळीस. लढाई चालू, गुळासाखरेची मारामार. सांगलीत नदीच्या अंगाला मिशनची मुलींची शाळा होती. शाळेला लागून बोर्डिंग आणि पलीकडं चर्च. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्य. सुलाबाई बोर्डिंग सांभाळायच्या. आता पोरींचं मन जाणून घ्यायला शाळेत वेगळी बाई नेमतात म्हणे, आणि त्या नोकरीला मोठं नाव आहे. तेव्हा नाव नव्हतं, पगार तर त्याहून नव्हता. सुलाबाई ते काम धुण्यातच उरकून घ्यायच्या.

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या मेजावर पाच हात लांब पांढरं कापड असायचं. दर शनिवारी ते कृष्णेवर धुवायचं आणि संध्याकाळी परत मेजावर घालायचं, हे सुलाबाईंनी आपणहून अंगावर घेतलेलं. बरोबर चारपाच पोरी न्यायच्या. बाकीच्यांना उशांचे अभ्रे देऊन लांबच्या दगडांवर पिटाळायच्या आणि एकेकीला हाक मारून कापडाचं दुसरं टोक हातात द्यायच्या. एक इकडं पिळणार, एक तिकडं. तोंडासमोर तोंड, हात अडकलेले, पळायला जागा नाही. सुलाबाई काही विचारायच्या नाहीत. पिळता पिळता पोरच बोलायला लागायची. घरची आठवण, सावत्र आई, परीक्षेची भीती, सगळं त्या पाण्याबरोबर खाली गळायचं.

बनूचंही तिथंच गळलं होतं.

त्या वर्षी सुगीच्या सणाला चर्चच्या मंडळींनी रिवाजाप्रमाणं आपापल्या रानातलं आणून शनिवारी मेजापुढं मांडलं होतं. जोंधळ्याची कणसं, भोपळे, हरभऱ्याचे डहाळे आणि एक गुळाचा रवा, लहानशी ढेपच. बनू झाडायला आत होती. तिचा बाप आकाराम तासगावाकडच्या वाडीहून बाजाराला आलेला, तो दाराशी भेटला. आई बाळंतीण, आणि घरात बोटाएवढा गूळ नाही म्हणाला. बाप तोंड पाडून उभा, आणि गूळ चार पावलांवर. बनूनं रवा उचलून त्याच्या पिशवीत घातला, बाईंनी दिला म्हणाली. भोळा माणूस. बाईंस्नी माझा सलाम सांग म्हणाला आणि गेला. रविवारी जागा रिकामी दिसली. आठवडाभर चौकशी चालली. पुढच्या शनिवारी कापडाचं टोक हातात आल्यावर बनूला राहवलं नाही. बापाच्या सलामासकट तिनं सगळं सांगून टाकलं.

सुलाबाईंनी कापडाला आणखी एक पीळ घातला. "माझ्या तोंडातनं तुझं नाव जायाचं न्हाई," त्या म्हणाल्या. "तुझ्या तोंडातनं कवा जायाचं, ते तू बघ."

त्याच दुपारी ते भांडण झालं. आणि बनूनं पाहिलं काय, तर तवा.

उन्हाळ्यात सुलाबाईंना रिटायर केलं. कागदावर वय झालं असं लिहिलं. ते खोटं नव्हतं, नुसतं दोन वर्षं आधी होतं. भावानं साताऱ्याला नेलं. पंधरा दिवसांत त्या परत आल्या. साताऱ्याची हवा लय चांगली, पण कापड कोण धुणार, म्हणाल्या. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मागची खोली दिली आणि कापड पहिल्यासारखं नदीवर जाऊ लागलं. मंडळीतल्या बायका मात्र त्यांना पाठीमागं गुळाच्या बाई म्हणायच्या. एकदा ते कानावर गेलं, तर सुलाबाई हसल्या. गोडच नाव हाय की, म्हणाल्या. पण बसायला लागल्या त्या दाराजवळच्या शेवटच्या बाकावर. बनू रविवारमागून रविवार तो बाक बघायची, आणि दर रविवारी पुढच्या रविवारी सांगू म्हणायची. देवाच्या दयेनं वर्षात बावन्न रविवार असतात.

बनू सातवीची फायनल पास झाली, ट्रेनिंग केलं, कराडात मास्तरीण झाली. एकोणपन्नास साली तिच्याच वर्गातली एक पोर रडत आली आणि दुसऱ्या पोरीची कंपासपेटी मीच घेतली म्हणाली. कुणाला सांगू नका बाई, म्हणाली. बनूनं बरं म्हटलं. मग चार दिवस शाळेतला प्रत्येकजण तिला पेटीचंच विचारत होता. पोरीनं पाचव्या दिवशी स्वतःच पेटी नेऊन दिली म्हणून सुटका झाली. चार दिवसांत बनूला जेवण गेलं नाही. सुलाबाई ते सहा वर्षं वाहत होत्या.

त्या वर्षीच्या सुगीच्या सणाला बनू गुळाचा रवा घेऊन कराडहून गाडीनं आली ती थेट नदीवर गेली. सुलाबाई कापड खळबळत होत्या. पाठ वाकली होती.

"आलीस? धर ते टोक."

बनूनं धरलं. "बाई, उद्या मंडळीपुढं सांगणार हाय मी."

"आता मास्तरीण हायेस. नोकरी जाईल."

"जाऊ द्या."

"मग पीळ नीट. मधी पाणी राहिलंय."

रविवारी पाळकसाहेबांनी धान्यावर प्रार्थना केली, तशी बनू उठली. रवा मेजापुढं ठेवला, आणि सहा वर्षांपूर्वीचा कुणी नेला, कुणाला दिला आणि बोल कुणी सोसला, ते चार वाक्यांत सांगितलं. मोठ्या बाई पहिल्या बाकावर होत्या. त्याही थकल्या होत्या. त्या उठल्या, मधल्या वाटेनं काठी टेकत मागं आल्या आणि सुलाबाईंच्या शेजारी शेवटच्या बाकावर बसल्या. क्षमा वगैरे काही मागितली नाही. पुढचं गीत मात्र दोघींनी मिळून म्हटलं, पुस्तक एकीचं आणि चष्मा दुसरीचा. बनूची नोकरी काही गेली नाही.

बनू आठ दिवस राहिली. पुढच्या शनिवारी ती कापड घ्यायला पुढं झाली, तर सुलाबाईंनी तिचा हात बाजूला सारला.

"तुझं झालं. आता दुसरीला धरू दे."

दुसऱ्या दिवशी रविवारी सुलाबाई उठल्या नाहीत, झोपेतच गेल्या. पण शनिवार त्यांनी पुरा केला होता. बोर्डिंगात नवी आलेली तानू म्हणून एक मुकी मुकी पोर होती, तिला घेऊन त्या नदीवर गेल्या. काय बोलणं झालं ते त्या दोघींना ठाऊक. येताना तानू मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होती एवढं बनूनं पाहिलं. कापड वाळलं, कोळशाची इस्त्री फिरली. सुलाबाईंनी ते मेजावर घातलं, चारी कोपरे सारखे लोंबतात का ते वाकून पाहिलं, एक बोटभर ओढून घेतलं. दार लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिळ्याला अडकवून त्या आपल्या खोलीकडं गेल्या.