तिच्या लायसन्सवर

आमच्या घरात गाडी चालवणारं माणूस म्हणजे माझी बायको. मी जन्मभर सायकल चालवली. पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या, सेक्टरमधल्या क्वार्टरपासून प्लांटच्या गेटपर्यंत रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना झाडं, सायकलीला त्याहून जास्त काय लागतं? ती शाळेत शिकवत होती. शिकवता शिकवताच तिने गाडी शिकून घेतली, एक जुनी लाल गाडी विकत घेतली, आणि मग लग्नकार्य असो, नागपूरची फेरी असो की सिविक सेंटरचा बाजार, ती चालवायची आणि मी शेजारी बसून संत्री सोलायचो. तिचा भाऊ चिडवायचा, "भाऊजी, तुमी कंडक्टर हाये का गाडीचे?" मी म्हणायचो, "हो ना. तुले तिकीट पाह्यजे का?"

मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. प्लांटात मी क्रेन चालवतो. शेडच्या छताखाली रुळांवर धावणारी क्रेन, तिच्या केबिनमध्ये मी, आणि खाली लटकलेलं शेकडो मणांचं वजन. दिवसभर असं वजन माणसांच्या डोक्यावरून नेणाऱ्याला घरी कुणी आयतं नेऊन सोडलं, तर बरंच वाटतं.

मग तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. डाव्या हाताची नस त्यासाठी ऑपरेशन करून जोडली होती, त्या हाताला जोर लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि गाडी चालवणंही बंद करायला सांगितलं. गाडी क्वार्टरसमोर कडुनिंबाखाली उभी राहिली. तिच्यावर पानं पडायची, मी ती झाडायचो. दुसरं काही मला येत नव्हतं.

सुरुवातीला ऑटोने नेलं. जाताना ती कशीबशी बसायची. येताना मात्र अंगातलं सगळं पिळून काढल्यासारखी झालेली असायची, पायात गोळे यायचे, आणि ऑटो प्रत्येक गतिरोधकावर तिला उचलून आपटायचा. ती ओरडत नसे. दांडी घट्ट धरून बाहेर बघायची. हैदराबादहून मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, कैब बुला लो ना, इतना क्या सोचते हो?" बोलवायचो. कधी यायची, कधी अर्ध्या वाटेवरून रद्द व्हायची, आणि आम्ही दोघं गेटवर पिशवी घेऊन उभे.

समोरच्या क्वार्टरमधले निवृत्त फोरमन आम्हाला त्यांच्या गाडीतून बरेच दिवस सोडत होते. एकदा सकाळी विचारायला गेलो तर दारातूनच म्हणाले, "आज सुनेले गाडी पाह्यजे होती, भाऊ." एवढंच. पण मला ते असं लागलं की पुन्हा त्यांच्या दारात जायची हिंमत झाली नाही. तिनेही विचारलं नाही. आम्ही दोघंही या बाबतीत सारखेच मूर्ख.

शेवटी मी, पन्नाशीला आलेल्या माणसाने, शिकाऊ लायसन्स काढलं. आणि तेव्हा मला तो नियम नीट कळला: शिकाऊ माणसाने गाडी चालवायची तर शेजारी पक्कं लायसन्स असलेलं माणूस बसलं पाहिजे. आमच्या घरात तसं माणूस एकच होतं. ज्याला दवाखान्यात न्यायचं तेच.

ती म्हणाली, "मंग काय झालं? मी बसतो ना बाजूला. नाहीतरी जायचंच हाये मले."

गाडीच्या पुढेमागे लाल 'L' अक्षराची पाटी चिकटवली आणि सुट्टीच्या दिवशी हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. तिथपर्यंत मी कसा पोचलो ते तीच जाणे. कारखाने बंद, रस्ते रिकामे, एखादा ट्रक रस्त्याकडेला उभा आणि त्याच्या सावलीत कुत्रं झोपलेलं. ती डाव्या सीटवर, दुखरा हात मांडीवर उशीत ठेवलेला, आणि उजवा हात हँडब्रेकवर.

"क्लच सोडा. हळू. अवो, हळू म्हणतो ना मी!"

गाडी उडी मारून बंद पडली.

"पोराइले शिकवणं सोपं होतं," ती म्हणाली. "त्याइचा कान तरी धरता येत होता."

"धर ना माझा."

"हात रिकामा कुठं हाये?"

मी हसलो. आणि हसता हसता तिच्या पायांकडे लक्ष गेलं. सुजून चपलेचे पट्टे रुतले होते. तिला घरी पडून राहायला हवं होतं, आणि मी तिला उन्हात कारखान्यांच्या रस्त्यावर गिअर शिकवायला घेऊन आलो होतो.

हळूहळू जमायला लागलं. मी तिला तिच्याच लायसन्सवर डायलिसिसला न्यायला लागलो. येताना तिची मान सीटवर कलंडलेली असायची, तरी ती डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न करायची, कारण शेजारी बसणाऱ्याने झोपायचं नसतं, असा तिचा हिशोब. "दुसऱ्यावर घ्या," असं मध्येच पुटपुटायची. मी म्हणायचो, "घेतला. तू झोप." ती म्हणायची, "झोपून कसं चालन?"

इथे मला एक गोष्ट लिहायचीच आहे, नाहीतर बाकीचं लिहून उपयोग नाही. ती खंगत चालली होती हे मला दिसत होतं. बसणं तिला कठीण जात होतं. रक्तदाब उतरला की तिला आडवं व्हावंसं वाटे, बसलं की घेरी येई. आणि त्या दिवसांत मी मनातल्या मनात काय म्हणत होतो? ती बरी होऊ दे, असं नाही. मी म्हणत होतो, माझं लायसन्स होईपर्यंत तरी ही बसती राहू दे. ती मागच्या सीटवर आडवी झाली की शेजारची सीट रिकामी, आणि मी बेकायदा. कुणी अडवलं, कुणाला धक्का लागला, तर हिला रस्त्यावर सोडून मी कुठल्या चौकीत बसणार? भीती खरी होती. पण माझ्या बायकोचं बसणं मी दिवसावर मोजत होतो, हेही खरं होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी आधी ओळखायचो की आज ही सीटवर टिकेल की नाही, आणि मग विचारायचो, बरं वाटतं का.

टेस्टसाठी दुर्गला आरटीओत जायचं होतं. गाडी आपलीच न्यायची. म्हणजे तिलाही यायचं होतं.

मी म्हणालो, "समोरच्याइले विचारू का?"

"काही नको. एक डाव नाही म्हणले ना थे? मीच येतो."

वाटेत तिने दोनदा पिशवी तोंडाला लावली. मी गाडी कडेला घेऊ लागलो की हाताने पुढे चल म्हणून खुणावायची. तिथे पोचल्यावर तिला एका झाडाखालच्या बाकावर बसवलं, पाण्याची बाटली तिच्याजवळ ठेवली. तिला पाणीही मोजूनच प्यायचं असे. मग मी रांगेत उभा राहिलो. रांगेत सगळी पोरं. एकाने मला विचारलं, "अंकल, बेटे का टेस्ट है?"

माझा नंबर आला. इन्स्पेक्टर शेजारी बसला. चेहरा कोरा, पण माणूस वाईट नव्हता. "आराम से बनाइए आठ," म्हणाला. इंग्रजी आठच्या आकाराचा ट्रॅक होता, कडेला खांब रोवलेले. पहिलं वळण मी घेतलं. दुसरं घेतलं. खांबाला धक्का नाही, क्लचचा आवाज नाही. मला वाटलं, झालं.

तेवढ्यात ट्रॅकच्या कडेला उभ्या असलेल्या एका माणसाने दोन्ही हात आडवे पसरले.

क्रेन चालवणाऱ्याला खालून एकच माणूस इशारे देतो. उचल, सोड, डावीकडे ने, सगळं त्या एकाचंच ऐकायचं, दुसऱ्या कुणाचं नाही. फक्त थांबायचा इशारा कुणीही देऊ शकतो. झाडूवाला असो की साहेब, कुणीही दोन्ही हात पसरले की क्रेन जागच्या जागी थांबली पाहिजे. तिथे विचार करायचा नसतो, कारण विचार करेपर्यंत वजन कुणाच्या तरी डोक्यावर असतं. माझी सगळी नोकरी या एका सवयीवर सुखरूप गेली आहे.

मी कचकन ब्रेक मारला. इन्स्पेक्टरचं कपाळ काचेपर्यंत जाऊन आलं. गाडी बंद, आठच्या बरोबर मधोमध.

"क्या हुआ?"

"साहब, उन्होंने रोका."

"किसने?"

मी बोट दाखवलं. तो माणूस बिचारा गोंधळून गेला. "अरे मैं तो अंगड़ाई ले रहा था, भैया! सुबह से खड़ा हूँ!"

रांगेतली पोरं हसायला लागली. एक ओरडला, "अंकल को कोई अंगड़ाई मत दिखाना रे!"

इन्स्पेक्टरने कपाळ चोळलं. "कहाँ काम करते हैं?"

"प्लांट में. क्रेन पे."

त्याने माझ्या ब्रेकवरच्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, "क्रेन के पीछे कोई गाड़ी नहीं आती, भाईसाहब. यहाँ आएगी. अगले हफ़्ते फिर आइए."

मी साहेब, साहेब करत त्याच्या मागे गेलो. माझी बायको आजारी आहे म्हणालो, झाडाखाली बसली आहे म्हणालो, हवं तर बघा म्हणालो. तिला दाखवून मी लायसन्स मागत होतो. त्याने तिकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "इसीलिए बोल रहा हूँ, ठीक से सीख के आइए," एवढंच म्हणाला. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. तो बरोबर होता, हेच जास्त लागलं.

तिला सांगितलं तेव्हा ती हसायला लागली. "थो आळस देऊन राह्यला होता, अन तुमी गाडी उभी केली?" हसता हसता तिला धाप लागली, आणि ती थांबेना. मी तिची पाठ चोळत राहिलो. येताना ती शेजारी बसली, पण अर्ध्या रस्त्यात म्हणाली, "मले आता बसवत नाही जी." मी गाडी कडेला घेतली. सीट मागे पाडली, तरी पुरेना. ती तशीच अर्धवट पडून राहिली, आणि उजव्या हाताने हँडब्रेक चाचपत राहिली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, मी समोरच्या क्वार्टरची कडी वाजवली. पुढच्या टेस्टला कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं, आणि तोवर तिला आडवी झोपवून न्यायलाही कुणी हवं होतं. मी सगळं सांगून टाकलं. फोरमन ऐकत राहिले, मग एकदम चिडलेच.

"इतके दिवस कावून नाही सांगतलं? अशा हालतीत बसवून नेऊन राह्यला होता तिले? लाज नाही वाटली?"

"तुमी म्हणले होते सुनेले गाडी..."

"एका दिवसाचं म्हणलं होतं ना रे! एका दिवसाचं! मी रोज खिडकीतून पाह्यत होतो, का आज तरी येईन. वाटलं तुमालेच नको झालो आमी."

 ते चपला घालून बाहेर आले. "पण आयक. हा हप्ता मी हाये. तुझी टेस्ट झाली का माह्या डोळ्याचं ऑपरेशन. मंग महिनाभर मले स्टेअरिंगले हात लावता नाही येत. पास होऊन ये, बापा."

त्या आठवड्यात ते तिला घेऊन जायचे, ती मागे आडवी, मी पुढे. संध्याकाळी मी त्यांच्यासोबत सराव करायचो. ते रस्त्याकडेला उभे राहून मुद्दाम हात हलवायचे, आणि मी थांबायचं नाही. माझा पाय ब्रेककडे जायचा आणि मी तो ओढून घ्यायचो. ते ओरडायचे, "समोर पाह्य! समोर कोणी हाये का? नाही ना? मंग चाल!" तीस वर्षांचा पाय एका आठवड्यात कसा बदलणार? दर वेळी वाटायचं, मी कुणाच्या तरी अंगावर काहीतरी सोडतो आहे.

दुसऱ्या टेस्टला मी कडेच्या माणसांकडे पाहिलंच नाही. इन्स्पेक्टर तोच होता. "आज कोई अंगड़ाई नहीं ले रहा," म्हणाला. मी पास झालो. आनंद व्हायला हवा होता. मी गाडीत येऊन बसलो आणि फोरमनांच्या देखत रडलो. ते दुसरीकडे बघत म्हणाले, "चाल आता. तूच चालव. माझ्या भरोशावर नको."

घरी आल्यावर ती पलंगावरून म्हणाली, "दाखवा." मी मोबाइलवर लायसन्स दाखवलं. तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. "चोरावानी दिसून राह्यले." मग बराच वेळ स्क्रीनवरून बोट फिरवत राहिली. "म्हणजे आता मले बाजूले बसा नाही लागत."

"नाही लागत."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

पुढच्या डायलिसिसला मागच्या सीटवर गादी घातली, उशी ठेवली. तिला उचलून आत घेताना ती किती हलकी झाली आहे ते हातांना कळलं. मी पुढे येऊन बसलो. शेजारची सीट रिकामी होती. हे मला हवं होतं, याच्यासाठीच मी सगळं केलं होतं, आणि आता ती सीट मला बघवत नव्हती. मी त्या सीटवर पाण्याची बाटली आणि पिशवी ठेवली.

सेक्टरचा रस्ता सोडून मोठ्या रस्त्याला लागलो. मला तिचा आवाज हवा होता. कुठला गिअर, काहीतरी.  मी आतला आरसा हाताने खाली वळवला, उशीवर तिचा चेहरा दिसेल इतका. डोळे मिटलेले होते. ओठ कोरडे. मी रस्ता बघायचो, आरशात बघायचो, परत रस्ता.

"अवं," मी म्हणालो.

आरशात डोळे मिटलेलेच.

"अवं, ऐकून राह्यली का?"

"आरसा वर करा," ती डोळे न उघडता म्हणाली. "मले काय पाह्यता? मागचा रस्ता पाहा."

"तुले कसं समजलं?"

"तुमी सारखी गाडी डावीकडं नेऊन राह्यले."

मी आरसा वर केला. उशी गेली, तिचा चेहरा गेला, आणि मागच्या काचेत एक ट्रक दिसला. बराच जवळ आला होता. मी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, त्याला पुढे जाऊ दिलं. आणि मग हॉस्पिटलपर्यंत मागून येणाऱ्या गाड्याच बघत गेलो.